हिप्परग्याची तुतारी

खंडेनवमीच्या रात्री आमच्या सोलापूरच्या कारखान्यातले माग बंद असतात. दुपारीच साफसफाई होते, मागांना हळद-कुंकू लागतं, झेंडूचे हार चढतात, नारळ फुटतो आणि मग खात्यात अशी शांतता पसरते की नवीन पोरं आपोआप हळू आवाजात बोलायला लागतात. मी जॉबर, म्हणजे मागांची देखभाल-दुरुस्ती बघणारा. टेरी टॉवेलच्या मागांवर माझी सत्तावीस वर्षं गेली. आठ वर्षांपूर्वीच्या खंडेनवमीला राखणीसाठी आम्ही दोघं-तिघं खात्यातच झोपलो होतो. पहाटे घडीखात्यातल्या मामांनी मला हलवून उठवलं.

"ऊठ बे. पालपिट्ट बघून येऊ."

मामा शहराच्या पूर्व भागातले, विणकर पद्मशाली समाजातले. घरात तेलुगू, कारखान्यात मराठी. दसऱ्याच्या सकाळी पालपिट्ट दिसला की वर्ष चांगलं जातं, ही त्यांच्या घरात तेलंगणातून आलेली रीत. तिकडं तर तो राज्यपक्षीच आहे. आपण त्याला नीलपंख म्हणतो, काहीजण चास म्हणतात. मामांच्या स्कूटरवरून आम्ही तुळजापूर नाका ओलांडला आणि हिप्परगा तलावाच्या अलीकडं माळावर थांबलो. मामांच्या घरच्या बायका बतकम्मा या फुलांच्या सणासाठी तरवडाची पिवळी फुलं आणि कुरडूचे तुरे तोडायला तिथंच यायच्या, त्यामुळं त्यांना जागा पाठ होती. तारेवर एक मातकट, जाड डोक्याचा पक्षी बसला होता. "हाच?" मी विचारलं. मामा काही बोलले नाहीत. तेवढ्यात तो उडाला आणि त्यानं पंख उघडले. एक निळा आभाळाचा, एक शाईचा. डाईंगखात्यातून आलेलं निळं सूत मी जन्मभर मागावर चढवलंय, पण दोन निळे एकमेकांशेजारी असे बसलेले कधी बघितले नव्हते.

तिथून आम्ही पाण्याच्या काठाला गेलो. मामा एकदम थांबले आणि बोट वर केलं. "ऐक, कसला गोड वरडायलाय." समोर दगडावर मुठीएवढा एक पक्षी होता, पाठ तपकिरी, पोट पांढरंशुभ्र, आणि शेपटीकडची बाजू सारखी खालीवर हलत होती. चोच उघडलेली मला दिसत होती. आवाज येत नव्हता. माग बंद होते, रस्ता लांब होता, वाराही नव्हता. मी म्हणालो, "हो, गोड आहे." मामांशी मी बोललेलं ते एक खोटं अजून माझ्या मनात आहे.

दिवाळीनंतर कान तपासले. एका बंद खोलीत बसवून हेडफोन लावतात. आवाज आला की बटण दाबायचं. बराच वेळ आवाजच येईना, तेव्हा मशीन बंद पडलं असावं असं मला वाटलं. नंतर डॉक्टरांनी कागद पुढं ठेवला. २५०, ५००, १०००, २००० हर्ट्झपर्यंत रेघ बऱ्यापैकी सपाट चालत होती आणि ४०००ला कडा कोसळावा तशी खाली गेली होती. गोंगाटात काम करणाऱ्यांचा कान नेमका तिथूनच जायला लागतो, त्यांनी सांगितलं. आतल्या बारीक केसांसारख्या पेशी मरतात आणि त्या परत उगवत नाहीत. रोज आठ तास ८५ डेसिबलच्या वर राहिलं तर कान धोक्यात येतो. धोट्याच्या मागांच्या खात्यात आवाज शंभराच्या आसपास जातो. आम्ही वाया गेलेल्या सुताचा बोळा कानात घालायचो. त्यानं फारसं काही अडत नाही. कारखान्यानं कानाला लावायचं साधन कधी दिलं नाही, आणि आम्हीही मागितलं नाही, कारण असं काही मागायचं असतं हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. आज नव्या पोरांना मी स्वतः फोमचे बोळे आणून देतो आणि न घातल्यास मागाजवळ उभं राहू देत नाही.

माणसांचं बोलणं मला ऐकू येतं. स, श, त अशी अक्षरं गळतात, 'सात' आणि 'हात' मी ओठ बघून ओळखतो. पण धोबी पक्ष्याचं चिटचिटणं, खंड्याची शीळ, झुडपातल्या वटवट्याची वटवट हे सगळं ४००० हर्ट्झच्या आसपास किंवा त्याच्या वर आहे. ते माझ्यासाठी संपलं होतं, आणि संपलंय हे मला पालपिट्टाच्या दिवशी कळलं.

जंगलात पक्षी बघणारी माणसं आधी कानानं पक्षी शोधतात, मग दुर्बीण उचलतात. तलावाच्या काठावर तसं नसतं. समोर उघडं पाणी, उघडा चिखल, पक्षी कुठं लपणार? तिथं डोळा लागतो आणि बसायची तयारी लागते. बसायची सवय मला मागानं लावलीय. कुठला दोरा कधी तुटेल याच्याकडं नजर ठेवून रात्र काढलेला माणूस चिखलाकडं दोन तास सहज बघू शकतो. त्या वर्षीच्या बोनसातून मी ८×४२ची दुर्बीण घेतली. तेव्हापासून सप्टेंबर सरला की रातपाळीचा आठवडा मला आवडायला लागला. सहाला पाळी सुटते, अंगावरचा कापूस झटकायचा, गेटवर चहा घ्यायचा, पिशवीत कडक भाकरी आणि शेंगाचटणी असतेच, आणि सातच्या आत हिप्परगा.

हा तलाव १८७१चा. आदिला नदीवर मातीचा बांध घालून केलेला, एकरुख तलाव हे त्याचं कागदावरचं नाव. दीडशे वर्षांत काठ इतका मुरलाय की तो माणसानं बांधलाय हे विसरायला होतं. सकाळी मी बांधाकडची बाजू धरतो, सूर्य पाठीमागं राहील असा. समोरून ऊन असलं तर पाण्यावरचा प्रत्येक पक्षी काळाच दिसतो. पक्ष्याकडं सरळ चालत जायचं नाही. तिरकं जायचं, मध्ये थांबायचं, बसायचं. बसलेल्या माणसाला चिखलातले पक्षी लवकर माफ करतात. साडेनऊनंतर ऑक्टोबरचं ऊन असं तापतं की पाण्यावरची हवा थरथरायला लागते आणि दुर्बिणीतून बदकाची चोचसुद्धा वितळलेली दिसते. मग घरी जाऊन झोपायचं.

नावं शिकायला दोन वर्षं गेली. मराठीतली नावं इतकी नेमकी आहेत की एकदा कळली की पक्षी विसरत नाही. पाण्यावर काळ्याभोर पक्ष्यांचा घोळका, प्रत्येकाच्या कपाळावर पांढरा टिळा: वारकरी. आमच्याच जिल्ह्यात पंढरपूर, त्यामुळं हे नाव मला कुणी दोनदा सांगावं लागलं नाही. चोचीचं टोक पिवळं आणि बुडाशी लाल ठिपके असलेलं हळदी-कुंकू बदक. चपट्या चोचीनं पाणी गाळत जाणारा थापट्या. गुलाबी काटक्यांसारख्या पायांवर उभा शेकाट्या. आणि शेपटी हलवणारा तो पहिल्या दिवशीचा पक्षी म्हणजे तुतारी. नाव समजलं तेव्हा मी थोडा वेळ गप्प बसलो होतो. ज्याचं नावच आवाजावरून पडलंय, तो पक्षी मला आवाजाशिवाय भेटला होता.

ही नावं पुस्तकात टिकली ती मारुती चितमपल्ली यांच्यासारख्या माणसांमुळं. ते आमच्या सोलापूरचेच, जन्म ५ नोव्हेंबर १९३२. वनखात्यात नोकरी केली, रानातल्या लोकांच्या तोंडचे शब्द गोळा करून मराठीत आणले, २००६मध्ये सोलापुरातल्याच साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. १८ जून २०२५ला ते इथंच गेले, पद्मश्री मिळाली त्याच वर्षी. त्यांच्या जन्मदिवसापासून सलीम अली यांच्या जन्मदिवसापर्यंत, ५ ते १२ नोव्हेंबर, राज्यात पक्षी सप्ताह पाळतात. घरी तेलुगू बोलणारा सोलापूरचा मुलगा मराठीला पक्ष्यांची नावं देऊन गेला, हे मामांना सांगितलं तेव्हा त्यांनी मांडीवर थाप मारली. "बघ! आमचाच!"

पाहुणे एकदम येत नाहीत. तुतारी तर ऑगस्टमध्येच हजर होते. मग पिवळा धोबी, मग पांढरा धोबी. बदकांत भुवई बदक आधी येतं. भोरड्या पावसाळ्यातच उतरतात. मध्य आशियात टोळ खाऊन पिल्लं वाढवायची आणि मग आपल्याकडं यायचं असा त्यांचा क्रम. ज्वारी हुरड्यावर आली की शेतकरी गोफण घेऊन त्यांच्यामागं असतो, पण संध्याकाळी हजारो भोरड्या एकाच वेळी वळतात तेव्हा तोच शेतकरी गोफण खाली धरून बघत उभा असलेला मी पाहिलाय. चक्रवाक दिवाळीच्या आसपास. पट्टकादंब थंडी पडल्यावर. हे हंस हिमालय ओलांडून येतात, सात हजार मीटरच्या वर उडताना त्यांची नोंद झालेली आहे. उजनीला रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, बघायला सगळे जातात, मीही गेलो, सुंदर आहेत. पण मला हिप्परगाच बरा. तिथं मला ओळखतात.

कोजागरीला मात्र मी काठावर जात नाही. त्या दिवशी सोलापूरहून तुळजापूरला पायी जाणाऱ्यांचा लोट असतो, पंचेचाळीस किलोमीटर, कितीतरी जण अनवाणी, रस्ता वाहनांना बंद. मीही लग्नाआधी चार वर्षं चाललोय. संबळ आणि 'आई राजा उदो उदो' रात्रभर चालू असतं, तो आवाज खालच्या पट्टीतला, माझ्या कानात स्वच्छ येतो. दोन दिवसांनी तलावावर जावं तर वाटेत पाण्याच्या रिकाम्या बाटल्या, तुटलेल्या चपलांचे पट्टे आणि त्यांच्यामधून किडे टिपत फिरणारे पांढरे धोबी. तेही हजारो मैल येऊन पोचलेले असतात.

आता तंगूसाच्या, म्हणजे पारदर्शक नायलॉन धाग्याच्या, जाळ्याची गोष्ट. तेव्हा लेक नववीत होती आणि रविवारी माझ्याबरोबर यायला लागली होती. काठावर कुणीतरी फाटकं जाळं टाकून दिलं होतं. तंगूस पाण्यात दिसत नाही, माशाला दिसत नाही तसा पक्ष्यालाही नाही. त्यात एक तुतारी अडकली होती. एक पाय आणि एक पंख. माझ्या खिशात दोरा कापायची छोटी कात्री कायम असते, जॉबरच्या खिशातून ती कधी निघत नाही. मी गुडघ्यावर बसलो, डाव्या मुठीत तिला धरलं आणि एकेक धागा सोडवायला लागलो. वजन म्हणाल तर पन्नासेक ग्रॅम, कापसाच्या कांडीएवढंही वाटेना. जवळून बघितलं तेव्हा कळलं की पाठ नुसती तपकिरी नाही. प्रत्येक पिसावर गडद रेघांची नक्षी आहे, जॅकार्ड मागावरच्या बारीक विणीची असावी तशी. डोळ्याभोवती पांढरं कडं. खांद्याजवळ पोटाचा पांढरा रंग पाचरीसारखा वर गेलेला. पंखाच्या मुळाशी तंगूस कातडीत रुतला होता, तिथं मला सर्वांत जास्त वेळ लागला. चोच उघडत होती, मिटत होती. मुठीत सारखा एक थरार जाणवत होता, मला वाटलं तिचं काळीज असेल.

"पप्पा, ती किती ओरडायलीय!" लेक म्हणाली. तिनं दोन्ही कानांवर हात ठेवले होते.

तळहाताला जाणवत होता तो तिचा आवाज होता. मी धागे कापत राहिलो. शेवटचा सुटला तेव्हा मूठ उघडली. ती क्षणभर तिथंच बसली, मग पाण्याला अगदी लागून, पंख खाली ठेवून थरथरत उडून गेली. लेकीनं ते जाळं गोळा केलं आणि म्हणाली, "मी सांगत जाईन तुम्हाला. काय काय ओरडतंय ते." त्यानंतर तीन वर्षं ती माझ्या डाव्या बाजूला बसली. "मागं बाभळीत वटवट्या." "उजवीकडं खंड्या, लांब." मी वळून दुर्बीण लावायचो आणि तो तिथं असायचा. मामा आणि लेक, या दोन पिढ्यांच्या कानांवर मी जेवढे पक्षी पाहिले तेवढे एकट्याच्या कानावर धडधाकट असतानाही पाहिले नसते, कारण तेव्हा मी कशाकडं लक्षच देत नव्हतो.

मागच्या वर्षी दिवाळीनंतर तिनं हट्ट करून आम्हाला गुहागरला नेलं. पंढरपूर, कऱ्हाड, कुंभार्ली घाट, चिपळूण, सगळा दिवस प्रवासात गेला. हिची, म्हणजे माझ्या बायकोची, समुद्र बघायची पहिलीच वेळ. दुसऱ्या दिवशी पहाटे व्याडेश्वराचं दर्शन घेऊन आम्ही सुरूच्या झाडांमधून वाळूवर उतरलो. ओहोटी होती, ओल्या वाळूचा रुंद पट्टा उघडा पडला होता. वर कुरवांचा थवा, आणि लाटेच्या कडेला पांढुरक्या सँडरलिंगांची रांग. लाट मागं गेली की तिच्यामागं धावत जाऊन वाळूत चोची खुपसायच्या, लाट वळली की पाय न भिजवता परत पळायचं. पाय इतके भरभर चालतात की चाकं लावल्यासारखी वाटतात. आर्क्टिकच्या टुंड्रात जन्मलेले हे पक्षी. हिनं माझ्या हातातून दुर्बीण घेतली ती तासभर दिली नाही.

मी सवयीनं लेकीकडं बघितलं. "काय म्हणतायत?"

तिनं मान हलवली. "काहीच ऐकू येईना पप्पा. लाटाच लाटा."

मी आजूबाजूला बघितलं. वाळूवर फिरायला आलेली माणसं होती, दोघं-तिघं दुर्बीणवालेही होते. समुद्राच्या गाजेत कुणालाच त्या बारीक पक्ष्यांचा आवाज येत नव्हता. सगळे डोळ्यांनीच बघत होते. त्या किनाऱ्यावर माझे कान आणि इतरांचे कान सारखे होते. ती सकाळ मी विसरणार नाही. परतताना घाटात सगळी झोपली, मी एकटा जागा होतो, आणि समुद्राकाठी जन्माला आलो असतो तर काय, असं काही माझ्या मनात आलं नाही. मला आमच्या शांत तलावाची आठवण येत होती, जिथं ऐकण्यासारखं पुष्कळ आहे.

यंदा सप्टेंबरात पावसानं जिल्हा झोडपला. सीनेला महापूर आला, पिकं आणि घरं पाण्यात गेली, आमच्या खात्यातल्या दोघांचं गावाकडचं सोयाबीन वाहून गेलं. हिप्परगा काठोकाठ भरला. शहराला पाणी मिळेल, पण चिखल्या-तुताऱ्यांना उथळ पाणी आणि उघडा चिखल लागतो, तो सगळा बुडाला. ऑक्टोबरभर काठ ओसाड वाटत होता. एक मेंढपाळ रोज विचारायचा, "काय दिसायलंय का ओ?" आणि मी रोज मान हलवायचो. पाणी थोडं उतरलं ते नोव्हेंबरात.

लेक आता पुण्याला नोकरी करते. माझ्या डाव्या बाजूला कुणी नसतं. पक्षी सप्ताहातल्या एका सकाळी रातपाळी करून गेलो तर पलीकडच्या काठाला चक्रवाकांची नऊची टोळी, उन्हात नारिंगी दिसणारी. त्यांचा आवाज रुंद, घशातला, मला चांगला ऐकू येतो. मी मोबाइल शेजारच्या दगडावर ठेवला, दोन मिनिटं रेकॉर्डिंग केलं आणि व्हॉट्सॲपवर तिला पाठवलं. दुपारी झोपून उठलो तेव्हा तिचं उत्तर आलं होतं.

"चक्रवाक मस्त आलेत. पण पप्पा, सुरुवातीलाच, अगदी मोबाइलच्या जवळ तुतारी ओरडायलीय. तीनदा. दिसली नाही का तुम्हाला?"

नव्हती दिसली. मी सगळा वेळ लांब बघत होतो.

दुसऱ्या दिवशी त्याच दगडापाशी जाऊन बसलो. चक्रवाक पलीकडं होतेच. दुर्बीण गळ्यात तशीच ठेवली आणि समोरच्या दहा हातांतल्या दगडांवर नजर फिरवत राहिलो. चहाचा कप संपेपर्यंत काही नाही. मग अर्धवट बुडालेल्या एका दगडावर शेपटी हलली. ती पाण्याच्या कडेनं दोन पावलं पुढं आली, थांबली आणि चोच उघडली. मी मोजलं. एक, दोन, तीन.